डोंगरावर रोपं लावायला जाताय? हे बघून जा

कोल्हापूर भागात मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून माती वीतभर ओली झाली की लागवड सुरू करावी आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपवावी. उशिरा लावलेल्या रोपाची मुळं पाऊस संपेपर्यंत खोल जात नाहीत, मग मार्चचं ऊन लागलं की ते वाळतं.

जोतिबा, पन्हाळ्याकडचे उजाड उतार लागवडीला चांगले. मसाई पठारासारख्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माथ्यावर मात्र कृपा करून कुदळ मारू नका. जांभ्यावरच्या चार बोटं मातीत पावसाळ्यात जी गवतं-फुलं उगवतात, त्यांना मोकळं ऊनच लागतं. तो सडा ओसाड नाही, तसाच असायचा आहे. जमीन वनखात्याची किंवा गायरान असेल तर परवानगी आधी हातात घ्या.

खड्डे मे महिन्यातच काढून तापू द्यावेत. दोन फूट लांब, रुंद, खोल. कातळ लागला तर दीड फुटावर थांबा. वरची काळसर माती एकीकडे, खालचा मुरूम दुसरीकडे ठेवा. भरताना वरच्या मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. शेण कच्चं असलं तर त्यातून हुमणी येते आणि मुळं खाते.

जांभूळ, करंज, बेहडा, बहावा निवडा. ओढ्याकाठी उंबर, अर्जुन. रोप तीन फुटांचं, जाड बुंध्याचं घ्या. लहान पिशवीत वाढलेलं उंच, लवलवतं रोप वाऱ्यात टिकत नाही.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पिशवी काढताना. खोड धरून ओढलं की मातीचा गड्डा फुटतो आणि बारीक मुळं तुटतात. रोप आडवं हातावर घ्या, ब्लेडनं पिशवीला बाजूनं उभा काप द्या, बूडही कापा, आणि गड्डा तळहातावर तोलून खड्ड्यात उतरवा. तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर तेवढी बेधडक छाटा. राहिली तर मुळं पुढंही गोलच फिरत बसतात. पिशवीत माती खोडाला जिथवर होती तिथवरच भरा, त्यावर खोड गाडू नका, कुजतं. मग कडेकडेनं पायानं दाबा, पोकळी राहिली की मुळं सुकतात.

उतारावर रोपाच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्र करा, म्हणजे पाणी अडतं. काळ्या मातीच्या रानात उलट: रोप थोड्या उंचवट्यावर ठेवा, पाणी साचू देऊ नका. बांबू गड्ड्याबाहेर रोवा आणि सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. उसाचं पाचट भोवती चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते. शेळ्या येत असतील तर काटेरी फांद्यांचं कुंपण लागतंच.

खड्डे तयार असले तर दोघांनी सकाळभरात दहा रोपं नीट लावावीत, पन्नासची घाई नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला, दगड उचलण्याआधी काठीनं हलवा. या डोंगरांत फुरसं हा विषारी साप असतो. कापलेल्या पिशव्या मोजून परत आणा.

निघण्यापूर्वी पुढच्या फेऱ्या तिथंच वाटून घ्या: दिवाळीनंतर खुरपणी, जानेवारीत वणवा रोपापर्यंत येऊ नये म्हणून भोवतीचं गवत काढणं, आणि मेअखेरपर्यंत दर आठवड्याला रोपामागं दहा-पंधरा लिटर पाणी. असे किमान दोन, जमलं तर तीन उन्हाळे.