ईडीटीए टायट्रेशन: पाण्याचा हार्डनेस नीट कसा काढायचा
फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये हे प्रॅक्टिकल असतंच, आणि रीडिंग मॅच होत नाही म्हणून बरेच जण शेजारच्याचं उतरवतात, तसं करू नका कारण हे खरंच सोपं आहे. हार्डनेस म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि ईडीटीए हे त्यांना पकडून ठेवणारं रसायन; ते किती लागलं यावरून हार्डनेस काढायचा. आधी ब्युरेट (खाली नळ असलेली, खुणांची काचेची नळी) डिस्टिल्ड वॉटरने आणि मग थोड्या ईडीटीएने धुवा, नंतर ईडीटीएने भरा. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, सॅम्पलने अजिबात नाही, नाहीतर आत राहिलेल्या थेंबांमुळे रीडिंग जास्त येतं. पिपेटने ५० मिली सॅम्पल फ्लास्कमध्ये घ्या, टोकाला उरलेला थेंब फुंकून काढू नका.

आता अमोनिया बफर टाका, वास उग्र असतो, तोंड लांब ठेवा. बफर विसरलात तर सगळं फुकट, कारण पीएच १० च्या आसपास असेल तरच एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा (रंग बदलून कधी थांबायचं ते दाखवणाऱ्या पदार्थाचा) रंग नीट बदलतो. इंडिकेटर अगदी कमी टाका, गडद झालं की एंड पॉइंट (रंग पूर्ण बदलतो तो क्षण) कळतच नाही.

आता ब्युरेटमधून फ्लास्कमध्ये ईडीटीए सोडायला लागा. वाइन रेड रंग जांभळट व्हायला लागला की घाई सोडा, एकेक थेंब टाकून फ्लास्क हलवत राहा, ही रिअॅक्शन शेवटी जरा हळू होते. लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबा. खाली पांढरा कागद ठेवा, खूप फरक पडतो.

ईडीटीए ०.०१ मोलर असेल तर रीडिंग (लागलेलं ईडीटीए, मिलीमध्ये) गुणिले २०, झाला टोटल हार्डनेस पीपीएममध्ये (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने, मिलिग्रॅम प्रति लिटर).