कोणत्याही वयात विज्ञान शिकायचंय? आधी केटली लावा

दहावीनंतर विज्ञान सुटलेल्या माणसाने पुन्हा सुरुवात कुठून करावी असं विचारलं, की लोक हमखास कृष्णविवरांचे व्हिडिओ सुचवतात. बघायला मजा येते, यात वाद नाही. पण वीजबिलावरचं युनिट म्हणजे नेमकं काय हे सांगता येत नसेल, तर त्या व्हिडिओतून हाती काही लागत नाही.

पुस्तकं बालभारतीचीच घ्या, पीडीएफ फुकट मिळतात. सुरुवात सहावीपासून. लाजेपोटी थेट नववीवर उडी मारू नका. खालच्या इयत्ता भराभर उरकतात. माध्यम तुमच्या शाळेचं होतं तेच ठेवा. वही, घड्याळ, मोजपात्र आणि प्रयोगशाळेत असतो तसा 110 अंशांपर्यंतचा तापमापक जवळ असू द्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही. तो 42-43 अंशांपुढे मोजतच नाही, आणि काचेचा असेल तर गरम पाण्यात तडकतो.

धडा वाचा, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत चार ओळी लिहा. वाचनाचं काम एवढंच.

खरी गाडी अडते ती आकड्यांपाशी. सूत्र दिसलं की मोठी माणसं परिच्छेद गाळून पुढे जातात, आणि ‘संकल्पना कळली की झालं’ म्हणणारे सल्लागार त्यांना वर शाबासकी देतात. हा सल्ला साफ चुकीचा आहे. उष्णतेच्या धड्यावर मी स्वतः खूप दिवस अडकलो होतो. उष्णता वेगळी, तापमान वेगळं, हे तोंडपाठ होतं. पण कुणी साधं उदाहरण विचारलं की बोलती बंद. सुटका झाली ती विजेच्या केटलीमुळे, म्हणून तो प्रयोग सविस्तर सांगतो.

केटलीच्या तळाशी वॅट लिहिलेले असतात. समजा 1500. याचा अर्थ सेकंदाला 1500 ज्यूल ऊर्जा; ज्यूल हे ऊर्जेचं माप. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण 4186 ज्यूल लागतात. एक लिटर, म्हणजे साधारण एक किलो, पाणी मोजा, त्याचं तापमान घ्या. समजा 28 अंश. मी पुण्यात राहतो, इथे उंचीमुळे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईत 100 धरा. म्हणजे वाढ 70 अंशांची. 70 गुणिले 4186, साधारण 2,93,000 ज्यूल. भागिले 1500, म्हणजे 195 सेकंद. सव्वातीन मिनिटं.

हा आकडा केटली सुरू करण्याआधी वहीत पेनाने लिहायचा. पेन्सिलने नाही, आणि मनातल्या मनात तर नाहीच. उत्तर दिसल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला कुणालाही जमतं, आणि त्यातून कुणीही काही शिकत नाही.

आता बटण दाबा. केटली बंद व्हायला चार मिनिटं किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागेल. इथे बहुतेक जण ‘प्रयोग फसला’ म्हणून वही मिटतात. तसं करू नका, कारण विज्ञान इथेच सुरू होतं. जास्तीचा वेळ कुठे गेला? घरात व्होल्टेज कमी असेल तर केटली पूर्ण 1500 वॅट घेतच नाही. शिवाय भांडंही तापतं, थोडी उष्णता हवेत जाते, आणि पाणी उकळल्यावर बटण पडायला काही सेकंद जातात.

यातलं मुख्य कारण कोणतं? केटली पूर्ण गार होऊ द्या आणि अर्ध्या लिटरवर तोच प्रयोग करा. हिशोबाने आता 98 सेकंद यायला हवेत. जास्तीचा वेळही निम्म्यावर आला, तर संशय विजेवर. तो होता तेवढाच राहिला, तर बटणावर आणि भांड्यावर. शिवाय तापमानातली वाढ तेवढीच, उष्णता मात्र निम्मी: धड्यातला तो फरक इथे घड्याळात दिसतो. झाकण उघडं ठेवून केटली चालवू नका, आणि किमान खुणेच्या खाली पाणी घेऊ नका.

जाता जाता युनिटचाही उलगडा होतो. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे त्यात असं जेमतेम बारा लिटर पाणी उकळतं.

हे एकदा जमलं की पुढचं सगळं याच पद्धतीने करायचं: आधी आकडा, मग मोजणी. दोरीला किल्ली बांधून लंबक करा. 25 सेंटिमीटरला एक झोका (जाऊन परत येईपर्यंत) साधारण एक सेकंदाचा, एक मीटरला दोन सेकंदांचा. दहा झोके मोजून दहाने भागा. किल्ली बदलून जड कुलूप लावलं तर काय होईल, ते आधी लिहा.

जीवशास्त्र कधीही वाचा, तिथे फारसं अडत नाही. रसायनशास्त्र मागून घ्या, आणि घरी हळद, लिंबू, खायचा सोडा यापलीकडे जाऊ नका. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.