ब्लॉक हीटर लावताय? आधी वायर बघा

कॅनडातल्या एडमंटन, सास्काटून, विनिपेग या पट्ट्यात पारा उणे ३० च्या खाली गेला की इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर ओसरतो आणि किल्ली फिरवली तरी गाडी नुसती कण्हत राहते. म्हणून इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबत असतो. तो ब्लॉक हीटरचा. हा हीटर इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं द्रव, तापवतो.

हीटर नसेल तर गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या. उणे १५ च्या आसपास पोचलात की वापर सुरू करा.

आता खरी गोम. हीटर क्वचितच दगा देतो, दगा देते ती वायर. मलाही सुरुवातीच्या हिवाळ्यांत तिनेच दमवलं. घरातली बारीक एक्स्टेंशन कॉर्ड बाहेर ओढू नका, कितीही जण 'चालतं हो' म्हणोत! त्या थंडीत तिचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि तासन्‌तास वीज वाहिली की ती तापते. ४०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत घेतो, पण १००० वॅटचा आठच्या पुढे जातो. बाहेरच्या वापराची, अर्थिंगची पिन असलेली, १४ गेजची किंवा त्याहून जाड (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) कॉर्ड घ्या, आणि गरजेपेक्षा लांब नको.

दोन प्लग जुळतात तो सांधा दर आठवड्याला बघा. पितळी पिनांवर हिरवट थर किंवा प्लास्टिकवर तपकिरी डाग दिसला तर प्लग लगेच बदला. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. सांधा बर्फात बुडू देऊ नका.

हीटर चालतोय का? लावल्यावर थोड्या वेळाने बॉनेटपाशी कान न्या, चहाचं आधण धरताना येते तशी बारीक सूं-सूं बहुतेक वेळा येते. काही इमारतींच्या पार्किंगमध्ये प्लगची वीज आलटूनपालटून बंद-चालू होते, तेव्हा आवाज नाही म्हणून लगेच मेकॅनिक गाठू नका.

रात्रभर लावून ठेवणं ही निव्वळ उधळपट्टी. तीन-चार तासांत इंजिन जेवढं तापायचं तेवढं तापतं. सकाळी आठला निघायचं असेल तर बाहेर चालणारा टायमर चारवर लावा. त्याची अँपिअर क्षमता हीटरला पुरेल अशी हवी.

निघताना प्लग काढा. विसरायला होत असेल तर कॉर्डचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला घाला. सुरू झाल्यावर मिनिटभर थांबा आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा.