कुटुंबासाठी कुत्रा: कसा निवडावा, कसा शिकवावा आणि पिल्लं होऊ द्यावीत का

कुत्रा आणायचं ठरलं की घरात आधी जातीवर चर्चा सुरू होते. त्याआधी एक प्रश्न सोडवून टाका. पुढची बारा-चौदा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर कोण नेणार? उत्तरात एका मोठ्या माणसाचं नाव यायला हवं. मुलं मनापासून शब्द देतात, पण त्यांच्या परीक्षा येतात, ती शिकायला दुसरीकडे जातात आणि कुत्रा घरीच असतो. असं नाव ठरत नसेल, तर ते ठरेपर्यंत थांबा.

नाव ठरलं असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: ३ ते १४ आठवडे. पिल्लाच्या आयुष्यातल्या या काळात जग ओळखीचं होतं. या दिवसांत जे प्रेमानं आणि बेताबेतानं समोर येतं, त्याची भीती सहसा राहत नाही. जे अजिबात समोर येत नाही, ते पुढे धास्तीचं कारण होऊ शकतं. यातला पहिला भाग पिल्लू जन्मलं त्या घरी जातो आणि उरलेला तुमच्याकडे. निवड, शिकवण आणि वीण या तिन्ही गोष्टी मी याच काळाभोवती मांडतो आहे.

जातीकडे कसं पाहावं

प्रत्येक जात एखाद्या कामासाठी घडवली गेली आणि ते काम अजूनही तिच्या अंगात असतं. बॉर्डर कॉली मेंढ्या वळण्यासाठी आहे, त्यामुळे अंगणात धावणारी मुलंही तिला वळवावीशी वाटतात आणि ती टाचांना हलकेच चावू शकते. बीगल वासावर चालतो. नाक जमिनीला लागलं की त्याला तुमची हाक ऐकू येईलच असं नाही. टेरियर उंदीर-घुशी शोधण्यासाठी तयार झाले, म्हणून ते उकरतात. हस्की तासन्‌तास गाडी ओढत धावण्यासाठी आहे आणि थोडक्या फेरीवर त्याचं समाधान होत नाही. राखणीच्या जाती परक्या माणसाला सहज आत येऊ देत नाहीत. घरी सतत येणं-जाणं असेल तर याचा आधीच विचार करा.

पण जातीवर सगळी भिस्त ठेवू नका. २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीनं समजावता येतो, असं त्यात आढळलं. म्हणजे ‘लॅब्रेडॉर आहे, मुलांशी गोड वागणारच’ असं गृहीत धरता येत नाही. समोरचं पिल्लू आणि त्याचे आईबाप पाहावेच लागतात.

शरीराच्या ठेवणीबद्दल मात्र मी आग्रहानं सांगेन. पग, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत श्वासाचा त्रास फार आढळतो. उन्हात किंवा थोड्या पळण्यानंही त्यांचा जीव घाबरा होतो. झोपेत घोरणारं पिल्लू पाहून हसू येतं खरं, पण अनेकदा ते घोरणं म्हणजे हवा आत घेण्याची धडपड असते. डॅशहंडची लांब पाठ मणक्याच्या विकाराला बळी पडते. त्याला जिन्यांवरून आणि पलंगावरून उड्या मारू देता येत नाहीत. हे सारं माहीत असूनही अशी जात हवी असेल, तर उपचारांची तयारी ठेवूनच घ्या.

आणि मोठा झालेला कुत्रा? निवारा केंद्रातला दोन-तीन वर्षांचा कुत्रा घेणं नवख्या कुटुंबासाठी बऱ्याचदा जास्त सोपं असतं. त्याचा आकार, ताकद आणि स्वभाव समोर दिसतो आणि पिल्लूपणाचे कष्ट वाचतात. त्याला घरातल्या प्रत्येकाशी आधी दोन-तीनदा भेटवा.

पिल्लू पाहायला जाताना

आधी आई पाहा. ती तुमच्याकडे मोकळेपणानं येते का, की मागे सरकून गुरगुरते? पिल्लांच्या काळजीनं ती थोडी सावध असणं स्वाभाविक आहे. पण मालक शेजारी उभा असूनही ती थरथरत असेल, तर ती भीती पिल्लांत रक्तातून आणि सहवासातून अशी दोन्ही वाटांनी उतरते. आई दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर तिथून निघा. रस्त्यात किंवा गाडीतून पिल्लू हातात देणाऱ्याकडून कधीही घेऊ नका.

पिल्लं कुठे वाढली तेही पाहा. घरात, माणसांच्या वावरात, भांड्यांच्या आवाजात वाढलेल्या पिल्लानं निम्मा अभ्यास आधीच केलेला असतो. मागच्या खोपटात, पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू कितीही देखणं असलं तरी मागे पडलेलं असतं.

डोळे स्वच्छ, कातडी निरोगी, चाल सरळ हवी. अंग रोड आणि पोट तेवढं फुगलेलं असेल तर जंतांची शंका घ्या. किल्ल्यांचा जुडगा थोडा दूर जमिनीवर टाका. दचकून मग हुंगायला पुढे येणारं पिल्लू कुटुंबासाठी उत्तम. कोपऱ्यात जाऊन बसणाऱ्या पिल्लाची दया येते, पण पहिलाच कुत्रा असेल तर ते घेऊ नका. एका भेटीत स्वभाव कळत नाही, म्हणून वेगळ्या वेळी पुन्हा जा.

८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. किती जोरात चावलं की समोरचा दुखावतो, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकत असतं.

पहिले सहा आठवडे

पिल्लू घरी येताच त्याला पशुवैद्याकडे न्या. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांविरुद्धची लस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि १६ आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दिली जाते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लस निकामी करू शकते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून इतके डोस. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर.

इथे एक खरी अडचण येते. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका असं सांगितलं जातं, आणि तोवर जग ओळखण्याचा काळ सरून गेलेला असतो. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे धोका खोटा नाही. मार्ग मधला आहे: पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर पडा. रहदारी, छत्र्या, टोप्या, काठी घेतलेले आजोबा, सायकली, शाळा सुटल्यावरचा गलका हे सगळं त्याला कडेवरून दाखवा. लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी घरात भेट घडवा. अनोळखी कुत्री जिथे शी-शू करतात, तिथे मात्र जमिनीवर सोडू नका.

नव्या गोष्टीकडे त्याला ओढत नेऊ नका. अंतर राखा, खाऊ द्या आणि पुढे जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. शेपूट पोटाखाली गेली किंवा आवडता खाऊही तोंडात घेईना, तर तुम्ही फार जवळ आला आहात. चार पावलं मागे या. फटाक्यांचा किंवा ढगांचा आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी हळू लावा आणि जेवण द्या. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवा.

शी-शूची सवय वेळापत्रकानं लागते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर तासा-दीड तासानं त्याला त्याच ठरलेल्या जागी न्या. काम झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला घरात येण्याबद्दलचा वाटतो. पिल्लू दिवसा साधारण वयाच्या महिन्यांत एक मिळवून येईल तितके तास कळ काढू शकतं, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका. चूक झाली तर बोलू नका, पुसून घ्या. पुसायला अमोनियाचं द्रावण नको, कारण तो वास लघवीसारखा असतो. जैविक डाग काढणारं, एन्झाइम असलेलं द्रावण वापरा. नाक घासणं वगैरे प्रकार क्रूर आहेत आणि त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

चावणं सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतं. २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. हाताला दात लागले की खेळ थांबवा, उठून जा, थोड्या वेळानं खेळणं द्या. हे घरातल्या प्रत्येकानं केलं तरच उपयोग आहे.

शिकवण

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ या चार शब्दांवर कुटुंबाचं बरंच काम भागतं. शब्द घरात सगळ्यांचे सारखेच हवेत. एकानं ‘बस’ आणि दुसऱ्यानं ‘खाली’ म्हटलं तर कुत्रा गोंधळतो.

‘बस’ असं शिकवा: खाऊ नाकासमोर धरून हात डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की पार्श्वभाग आपोआप टेकतो. टेकताच ‘शाब्बास’ म्हणा आणि एक-दोन सेकंदांत खाऊ द्या. हालचाल जमू लागली की मग शब्द जोडा.

सगळ्यांत मोलाची आज्ञा ‘ये’. एखाद्या दिवशी रस्त्यावर तिच्यामुळे त्याचा जीव वाचेल. आंघोळ घालायला, रागवायला, खेळ मोडायला या शब्दानं कधीही हाक मारू नका. अशा वेळी स्वतः जाऊन त्याला आणा. ‘ये’ म्हटल्यावर आला की दर वेळी काहीतरी चांगलं मिळालंच पाहिजे, मग त्याला यायला कितीही वेळ लागलेला असो.

मार देऊ नका. मारानं भीती वाढते आणि घाबरलेला कुत्राच चावतो. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा नको. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे; ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

मुलांना तीन नियम पाठ करवा: खाताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही, मिठी मारायची नाही. कुत्रा एकदम ताठ झाला, तोंड फिरवू लागला, ओठ चाटू लागला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला, तर मोठ्यांनी मुलाला शांतपणे बाजूला घ्यावं. लहान मूल आणि कुत्रा खोलीत एकटे नकोत, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

सहा महिने ते दीड वर्ष या वयात शिकलेलं विसरल्यासारखं वाटेल. वाढीचं वय आहे ते, नेटानं चालू ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) हे कुत्र्याला विषारी आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

पिल्लं होऊ द्यावीत का

बहुतेक कुटुंबांनी होऊ देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मादीला एकदा तरी पिल्लं झाल्यानं तिची तब्येत सुधारते, हा समज चुकीचा आहे. उलट नसबंदी केल्यानं गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी हे जातीवर आणि आकारावर अवलंबून आहे, ते पशुवैद्याला विचारा.

तरीही करायचंच असेल तर मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय नको. तोवर स्वभाव पक्का होतो आणि खुब्याचा एक्स-रे भरवशाचा ठरतो. खुबे, कोपर, डोळे, हृदय आणि त्या जातीत आढळणाऱ्या आनुवंशिक विकारांची तपासणी नर-मादी दोघांची करा. ब्रुसेला जंतूचीही करा, तो माणसालाही लागू शकतो. जवळच्या नात्यातला नर नको. मर्ल रंगाच्या (फिकट अंगावर गडद ठिगळं असलेल्या) दोघांचा जोड कधीच नको: त्यांची साधारण चौथा हिस्सा पिल्लं दोन्हीकडून ते जनुक घेऊन येतात आणि त्यांना बहिरेपणाचा, अंधत्वाचा मोठा धोका असतो. निरोगी जोडी मिळणंच काही जातींत अवघड झालं आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या पैदाशीला याच कारणावरून बेकायदा ठरवलं.

माज साधारण तीन आठवडे असतो. जोड लावायचा योग्य दिवस अंदाजानं काढू नका, रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तपासणीवरून काढा. गर्भकाळ बीजोत्सर्गापासून (अंडं सुटल्यापासून) सुमारे ६३ दिवसांचा. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी, पंचावन्नाव्यानंतर एक्स-रेत पिल्लांची संख्या. शेवटच्या तिसऱ्या भागात आहार वाढवा, पण कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. त्यामुळे व्यायल्यानंतर कॅल्शियम एकदम उतरून आकडी येण्याचा धोका वाढतो.

शेवटच्या आठवड्यात रोज ताप मोजा. तापमान ३७.२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की बहुधा चोवीस तासांत ती वीत असते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त वेळ गेला किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर लगेच दवाखाना गाठा. त्या रात्री कोण उपलब्ध असेल हे आधीच विचारून ठेवलेलं हवं.

नवजात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागेचं तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवा आणि प्रत्येकाचं वजन रोज लिहा. दहा दिवसांच्या सुमारास ते जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं वाढलं नाही तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. दहा-चौदा दिवसांत डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून तोच काळ सुरू होतो, जो तुम्ही स्वतःचं पिल्लू निवडताना दुसऱ्याच्या घरी तपासला होता. आता प्रत्येक पिल्लाला रोज वेगवेगळ्या हातांनी उचलायचं, वेगवेगळ्या जमिनींवर चालवायचं, थोडा वेळ भावंडांपासून दूर ठेवायचं. सहा-सात पिल्लं असतील तर कोणाला तरी पाच आठवडे दुसरं काम जमणार नाही.

पिल्लू देताना नव्या मालकाला विचारा की रोज बाहेर कोण नेणार. लसींची नोंद, आईबापांच्या तपासण्यांचे कागद, आठवडाभराचं नेहमीचं खाणं आणि आईच्या वासाचं एक फडकं सोबत द्या. आणि लेखी द्या की कोणत्याही वयात, कोणत्याही कारणानं कुत्रा नकोसा झाला तर तो तुमच्याकडेच परत आणायचा.