व्यक्तिमत्त्व चाचणीचे दोन भाषांतले निकाल ताडून पाहताय? या चुका टाळा

समजा, एकाच माणसाने एकच चाचणी दोन भाषांत दिली. बहिर्मुखतेचे गुण एकीत 62 आले, दुसरीत 55. ‘भाषा बदलली की स्वभावही बदलतो’ असं म्हणायची घाई करू नका. आधी हे आकडे आले कुठून ते बघा.

सगळ्यांत मोठी चूक मानकांच्या बाबतीत होते. अहवालात बरेचदा टी-गुण छापलेले असतात: सरासरी 50, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) 10. पण ही सरासरी कोणाची? त्या आवृत्तीच्या मानक गटाची, म्हणजे तुलनेसाठी आधी ती चाचणी दिलेल्या लोकांची. उत्तरं तंतोतंत तीच असली, तरी ज्या गटात बोलकी माणसं जास्त, तिथे तुमचे गुण खाली येतात. म्हणून दोन्हींचे कच्चे गुण, म्हणजे उत्तरांच्या गुणांची थेट बेरीज, मागवा. ते जुळले, तर फरक माणसात नसून गटांत आहे.

कच्चे गुणही वेगळे निघाले, तर त्रुटी मोजा. चाचणीची विश्वासार्हता (गुण किती भरवशाचे, याचं 0 ते 1 मधलं माप) 0.84 असेल, तर एका टी-गुणाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातली नेहमीची चूक, 4 येते आणि दोन गुणांतल्या फरकाची साधारण 5.7. म्हणजे त्याच्या जवळपास दुपटीपर्यंतचा, 11 पर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. सातवर निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

आवृत्ती तीच आहे ना, हेही बघून घ्या. ‘बिग फाइव्ह इन्व्हेंटरी’ या व्यक्तिमत्त्व चाचणीची जुनी आवृत्ती 44 विधानांची, 2017 ची दुसरी 60 विधानांची.

मग उलटी विधानं, म्हणजे ज्यांना ‘हो’ म्हटलं की गुण कमी होतात ती, तपासा. ‘मी गप्प राहतो’ हे बहिर्मुखतेचं उलटं विधान. पाच पर्यायांत 4 निवडलं, तर गुण 6 वजा 4, म्हणजे 2. भाषांतरात त्याचं ‘मी गप्प राहत नाही’ झालं आणि गुणतालिका जुनीच राहिली, तर बडबडा माणूस अबोल ठरतो. अशा विधानाचा बाकीच्या विधानांशी सहसंबंध ऋण येतो, म्हणजे बाकीच्यांचे गुण वाढले की याचे घटतात. चूक तिथेच पकडता येते. प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणण्याची सवयही इथेच उघडी पडते.

देशांच्या सरासऱ्या तर फारच जपून वाचाव्यात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, 56 देशांच्या आणि 28 भाषांच्या अभ्यासात कर्तव्यदक्षतेत जपान तळाशी होता. तिथली माणसं बेफिकीर आहेत असं कोण म्हणेल? माणूस स्वतःला आजूबाजूच्या लोकांशी ताडून गुण देतो, हे त्याचं जास्त पटणारं स्पष्टीकरण.

भाषेचाच परिणाम शोधायचा असेल, तर दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्यांनाच दोन्ही आवृत्त्या द्या, मध्ये काही आठवडे जाऊ द्या आणि निम्म्यांना क्रम उलटा ठेवा.