बी कशी फिरते ते आधी बघा, मग रुजवा

दरवर्षी मे-जूनमध्ये लोकं हौसेनं बिया गोळा करतात, सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) करतात, सातपुड्यात जाऊन फेकून येतात आणि पुढच्या वर्षी बघावं तर बोटावर मोजण्याइतकीपण झाडं दिसत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की सगळ्या बियांना एकच ट्रीटमेंट देऊ नका. झाड आपली बी लांब धाडायला वारा वापरतं, का पक्षी, का शेळी, हे ओळखलं की ती रुजवायची कशी हे निम्मं तिथंच कळतं.

सुरुवात बाभळीपासून करा, खान्देशात बांधाबांधावर आहे ती. वाळलेली शेंग हातात घ्या, मण्यांच्या माळेसारखी असते, दोन बियांच्या मधे आवळलेली, आणि वाळली तरी आपणहून उकलत नाही. ती फोडायचं काम शेळीचं. शेळ्या शेंगा खातात, गर पचतो, टणक बिया रवंथ करताना तोंडातून पडतात, थोड्या लेंड्यांमधून येतात. म्हणून शेळ्या जिथं बांधतात तिथली जागा झाडून बिया आणल्या तर निम्मं काम झालेलं असतं. शेंगेतून काढलेल्या बिया असतील तर पाणी उकळून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबून बिया त्यात टाकायच्या आणि रात्रभर तसंच गार होऊ द्यायचं (पाण्यात घालून उकळू नका, बी शिजते). सकाळी ज्या फुगल्यात त्या लगेच पेरा, ज्या टणकच राहिल्यात त्यांना परत तेच.

बोराचंही असंच, आठळी इतकी कडक की तशीच पेरली तर खूप उशीर लावते. फरशीवर ठेवून हलक्या हातानं फोडा, आतली चपटी तपकिरी बी अख्खी निघाली पाहिजे, ती पेरा.

निंबोळी मात्र एकदम उलटी. ती साळुंक्या, कावळे, वटवाघळं नेतात, गर खाऊन बी टाकून देतात, आणि पिकते ऐन पावसाच्या तोंडावर, म्हणजे पडली की लगेच रुजायचं हाच तिचा हिशोब. मी एकदा पिशवीभर निंबोळ्या वाळवून डब्यात भरून ठेवल्या, पुढच्या जूनमध्ये पेरल्या, एक कोंब आला नाही, खूप वाईट वाटलं होतं. आता गर चोळून धुतो, सावलीत दोन दिवस पसरतो आणि दोन आठवड्यांच्या आत पेरून मोकळा होतो. मोहाच्या बीचंही तसंच, साठवायचीच नाही.

कुसळी गवत मला सगळ्यात भारी वाटतं. दिवाळीनंतर डोंगरात फिरून आलात की सॉक्समध्ये जी कुसळं घुसतात त्यातलं एक फेकू नका, तळहातावर ठेवून त्याच्या काळ्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ सुटायला लागतो आणि शेपटी खरोखर गोल फिरते, वाळली की परत पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्यावर हे चालतं आणि बी स्क्रूसारखी जमिनीत शिरते, टोकाजवळचे उलटे केस तिला मागं येऊ देत नाहीत. याला काहीच करायचं नाही, फक्त ताजं पेरू नका, काही महिने कोरड्या जागी ठेवा, पाऊस आला की उघड्या मुरमाड जमिनीवर टाका.

राहिल्या वाऱ्यावरच्या. पळसपापडी आणि अंजन, दोन्हीत पातळ कागदासारखी शेंग आणि टोकाला एकच बी. हवेत सोडून बघा, गिरक्या घेत जाते, मुलांना दाखवाच. पळस ताजाच लावायचा. यावल-चोपड्याकडचं अंजन एप्रिल-मेमध्ये झाडाखाली मिळतं, बी दिवसभर साध्या पाण्यात भिजवा आणि छोट्या पिशवीत न लावता पाऊस लागल्यावर सरळ जागेवरच लावा, कारण त्याचं सोटमूळ वरच्या झाडाच्या कितीतरी आधी खाली धावतं आणि पिशवीत गुंडाळलं जातं. वर बरेच दिवस चार पानांपलीकडे काही दिसणार नाही, मेलं समजून उपटू नका, शेजारी एक दगड खूण म्हणून ठेवा आणि शेळ्यांपासून जपा.