बाबा आणि मुलाच्या ठरलेल्या वाराचं चित्रपुस्तक घरच्या घरी कसं करावं

दर रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी एका बसमध्ये बसतो, शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि त्याच बसने परत येतो. तिकडे बघण्यासारखं काही नाही. ती अडीच वर्षांची असताना एका कंटाळवाण्या सकाळी हे सुरू झालं आणि आता ती पाच वर्षांची आहे. या फेरीचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा मी सगळं क्रमाने लिहून काढलं: आम्ही उठलो, आवरलं, बस आली, खिडकीशी बसलो, परत आलो. तिला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, मग गोष्ट कधी सुरू होते?"

दर आठवड्याला जे होतं ती गोष्ट नसते. ज्या आठवड्यात ते नेहमीसारखं होत नाही, तिथे गोष्ट सुरू होते. बाबा आणि लहान मुलांवरची बरीच चित्रपुस्तकं गोड असूनही दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाहीत, त्याचं कारण मला हेच दिसतं. पानापानावर दोघं हसत असतात आणि काहीच बिघडत नाही.

पहिली पायरी: कोणत्या गोष्टीचं पुस्तक करायचं ते ठरवा

कुटुंबातल्या रोजच्या सवयी आणि खास प्रथा यांच्यावर गेली कित्येक दशकं संशोधन होत आलं आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांनी केलेला एक फरक इथे फार कामाचा आहे. 'हे करायला हवं' म्हणून होते ती सवय, आणि 'आम्ही असेच आहोत' असं जिच्यातून कळतं ती प्रथा. दात घासणं सवय झाली. दात घासताना बाबाने दर शनिवारी आरशात राक्षस व्हायचं, ही प्रथा.

पुस्तक प्रथेचं करा. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे एखाद्या आठवड्यात ती गोष्ट राहिली तर मूल हिशेब मागतं. मोठ्या सहली, वाढदिवस वगैरे बाजूला ठेवा. झाडांना पाणी घालणं, सायकल पुसणं, वाचनालयात पुस्तकं बदलणं, केस कापून येणं असलं काहीतरी किरकोळ निवडा. जागा एकच आणि काम एकच असू द्या. आई-बाबा वेगळे राहत असतील आणि बाबा आठवड्यातून एकदाच भेटत असेल, तर असं पुस्तक मुलाजवळ असणं फार मोलाचं. मात्र बाबा एकदाच का भेटतो याचा खुलासा त्यात घालू नका. मुलाला तो माहीत असतो.

दुसरी पायरी: तीन-चार आठवडे नुसती टिपणं काढा

लिहायची घाई नको. खिशात छोटी वही ठेवा आणि दर वेळी तीनच गोष्टी टिपा: मूल काय म्हणालं, त्याने हातात काय धरलं होतं, ते कुठे थबकलं. वाक्यं मुलाच्या तोंडची जशीच्या तशी घ्या, व्याकरण सुधारू नका. फोटो काढायचे तर उकिडवं बसून काढा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचा भांग दिसतो, मुलाला जे दिसतं ते दिसत नाही. त्याच्या उंचीवरून बघितलं तर बसमध्ये माणसं नसतातच. गुडघे असतात, पिशव्यांचे बंद असतात, सीटखाली कुणीतरी टाकलेला कागद असतो.

माझ्या वहीतली एक नोंद: 'तिकिटाची सुरळी केली. डोळ्याला लावली. म्हणाली, शेवटचा थांबा अजून छोटा आहे.' मी इतके रविवार तिच्या शेजारी बसत होतो आणि ती त्या सुरळीतून दर रविवारी शेवटचा थांबा मोठा होताना बघते, हे मला ठाऊक नव्हतं. अख्खं पुस्तक मग या एका नोंदीभोवती उभं राहिलं.

तिसरी पायरी: बिघडवा

लहान मुलांच्या गोष्टीसाठी तीन आठवडे पुरतात. पहिला सविस्तर, म्हणजे नियम कळतात. दुसरा भराभर, म्हणजे मूल 'मला माहितीये' म्हणून पुढे पळतं. तिसऱ्यात नियम मोडतो. आमच्या पुस्तकात तिसऱ्या रविवारी आमच्या खिडकीशी एक आजोबा गाढ झोपलेले असतात. बस्स, एवढंच. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी हे संकट पुरेसं मोठं आहे. चोर, वादळ, हरवलेलं मूल आणण्याची गरज नाही.

मार्ग मुलाने काढावा. बाबाने काढला तर पुस्तकाचा उपदेश होतो. पण म्हणून बाबाला वेंधळा करू नका. ज्याला वेणी घालता येत नाही, जो सगळं सांडतो, असा बाबा चित्रपुस्तकांत फार झाला आणि मुलांना तो खरा वाटत नाही. त्यालाही ती खिडकी हवी होती, तोही हिरमुसला, एवढं दाखवा.

एक पालुपदही हवं. चिऊताई आणि कावळ्याची गोष्ट आठवा. ती दर वेळी त्याला थांबायलाच सांगते, पण दर वेळी कारण वेगळं असतं. पालुपद असं असावं, बहुतेक तेच आणि थोडं बदलणारं. ते तीनदा येऊ द्या आणि शेवटच्या वेळी मुलाच्या तोंडी घाला.

चौथी पायरी: पानांचा हिशेब

छापील चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घालतात, त्यामुळे पानं ८, १६, ३२ अशा पटीत पडतात. घरी १६ पानं पुष्कळ झाली. ए-४ आकाराचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानांची वही तयार होते. पान १ नावाचं, पान १६ शेवटचं, आणि मधे समोरासमोरची सात जोडपानं.

आता माझी चूक ऐका. मी कागद सुटे ठेवून चित्रं काढली आणि मग घडी घातली. बस पान २ वर आणि तिचं मागचं चाक पान १५ वर गेलं! सुट्या कागदावर शेजारी दिसणारी पानं वहीत शेजारी येत नाहीत. म्हणून आधी कोरी वही दुमडा, पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घाला, मगच पुढे जा. फक्त सगळ्यात आतलं जोडपान, म्हणजे ८-९, सलग एका कागदाचं असतं. नियम मोडण्याचं मोठं चित्र तिथे घ्या. घडीवर कुणाचा चेहरा येणार नाही एवढं बघा. शिवणीत नाक जातं.

खऱ्या वहीला हात लावण्याआधी एका कागदावर १६ चौकोन आखून काड्यांची माणसं काढा. उजवीकडच्या पानावर काहीतरी अडवून ठेवायचं आणि पान उलटल्यावर सोडवायचं. 'आणि खिडकीशी बघतो तर...' हे उजव्या पानाच्या खाली, आजोबा पलीकडे. मुलाचा हात आपोआप पानाच्या कडेला जातो.

पाचवी पायरी: शब्द कापा

एका जोडपानावर दहा ते वीस शब्द खूप झाले. चित्रात जे दिसतं ते लिहू नका. 'बाबाने लाल छत्री उघडली' असं वाक्य असेल आणि चित्रात लाल छत्री असेल, तर वाक्य काढून टाका. उरलेली जागा आवाजाला, वासाला, मनात चाललेल्या गोष्टीला द्या.

त्याहून मजेचा प्रकार म्हणजे शब्दांनी खोटं बोलणं. मजकूर म्हणतो, 'बाबाला मुळीच वाईट वाटलं नाही', आणि चित्रात बाबा खांब धरून खिडकीकडे टक लावून बघतोय. वाचता न येणारं मूल हे मोठ्यांच्या आधी पकडतं आणि ओरडून सांगतं.

सहावी पायरी: चित्रं

चित्रकला येत नाही ही सबब इथे चालत नाही. रंगीत कागद फाडून चिकटवा, जुन्या मासिकांतले तुकडे वापरा, फोटोतली माणसं कापून रेखाटलेल्या बसमध्ये बसवा, खरं तिकीट लावा. बाबा दर पानावर ओळखू यावा म्हणून त्याला एकच खूण द्या, चौकड्यांचा शर्ट किंवा मोठा चष्मा. काही चित्रं मुलाला काढू द्या आणि ती दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. माझ्या मुलीने काढलेल्या बसला अकरा चाकं आहेत.

सातवी पायरी: शिवण

चार कागदांवर बाहेरून जाड कागदाचं मुखपृष्ठ घाला. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक बरोबर मधे, बाकीची दोन वर-खाली, टोकांपासून दोन बोटं आत. हे काम मोठ्या माणसाने करायचं. घडीच्या लांबीच्या अडीच-तीनपट जाड दोरा घ्या. आतून सुरुवात करून मधल्या भोकातून बाहेर या, वरच्यातून आत जा, मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर या आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा.

आठवी पायरी: वाचताना

मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी नुसतं वाचून न दाखवता मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवलं. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. आपल्या पुस्तकावर हे सहज जमतं, कारण मूल प्रत्यक्ष साक्षीदार असतं. बोट ठेवून 'हे काय आहे?' असं विचारलं की एका शब्दात उत्तर येतं. 'इथे काय चाललंय?' असं विचारा. ते म्हणालं, 'बस गेली', तर तुम्ही म्हणा, 'हो ना, आपल्याला न घेताच गेली!' ते मधेच 'असं नव्हतं झालं' म्हणालं, तर वाचन थांबवून कसं झालं होतं ते ऐका आणि पेन्सिलीने पानावर तसं लिहा.

पुस्तक मुलाच्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर ठेवा, आणि शेवटचं पान कोरं सोडा. आमच्या पान १६ वर आता दर रविवारचं तिकीट एकावर एक चिकटवलं जातं, त्यामुळे पुस्तक नीट मिटत नाही. त्यावर वजन म्हणून शब्दकोश ठेवलाय.